फूटभर लोहमार्ग

लहान मुलांच्या खेळण्यांत आगगाडीला जो मान मिळाला आहे तो दुसऱ्या कोणत्याही यंत्राला क्वचितच मिळाला असेल. किल्लीवर चालणारी पत्र्याची गाडी, तिचे वाटोळे रूळ आणि दहा मिनिटांनीं येणारा कंटाळा, ह्या तिन्ही गोष्टी पुष्कळ घरांनीं पाहिल्या आहेत. कंटाळ्याचें कारण उघड आहे. गाडी जेथून निघते तेथेंच परत येते. तिला कोठें जावयाचेंच नसतें. प्रस्तुत लेखांत ज्या छंदाची माहिती आम्ही देणार आहों त्यांत गाडीला जावयास ठिकाण असतें, आणि तें ठिकाण दुसऱ्या कोणी तरी, दुसऱ्याच घरीं बसून, तयार केलेलें असतें.

नमुना-आगगाडी आणि खेळण्यांतली आगगाडी ह्यांत मुख्य भेद प्रमाणाचा. खऱ्या गाडीचें प्रत्येक माप एकाच संख्येनें भागून जी गाडी तयार होते ती नमुना-गाडी. जगांत सर्वांत अधिक प्रचार ८७ ह्या संख्येचा आहे. ह्या प्रमाणास एच्. ओ. म्हणतात, व त्याचे रूळ एकमेकांपासून १६.५ मिलीमीटर अंतरावर असतात. त्याखालोखाल १६० चें प्रमाण. त्याचें नांव एन्. कारण त्याच्या रुळांतील अंतर नऊ मिलीमीटर असतें, व नऊ ह्या आंकड्याचें इंग्रजी आणि जर्मन नांव त्याच अक्षरानें सुरू होतें. १६० नें भागल्यावर साडेपांच फूट उंचीचा मनुष्य साडेदहा मिलीमीटरांचा, म्हणजे तांदळाच्या दीड दाण्याएवढा, उरतो. आणि पंधरा मीटर उंचीचें आंब्याचें झाड साडेनऊ सेंटिमीटरांत बसतें.

रुळांचे ठराविक मापाचे तुकडे करून ते हवे तसे जोडावयाचे, ही कल्पना जुनी आहे. जर्मनींतील मेर्क्लिन ह्या खेळणीं करणाऱ्या घराण्यानें १८९१ सालीं लाइपझिग येथील जत्रेंत तसे रूळ मांडले, आणि रुळांच्या रुंदीस क्रमांक देऊन टाकले. इंग्लंडांत लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्नबी ह्यांनीं १९२० सालीं आपल्या गाड्या काढल्या. त्यापूर्वीं त्यांनीं मेकॅनो हें भोंकें पाडलेल्या पट्ट्यांचें खेळणें शोधून काढलें होतें, तें कांहीं पालकांनीं आपल्या बाळपणीं हाताळलें असेल. ह्या साऱ्या इतिहासांत आम्ही अधिक शिरत नाहीं, कारण आमचा विषय गाडी हा नसून जागा हा आहे.

आगगाडी कितीही लहान केली तरी तिचा मार्ग लांबच राहतो. १६० नें भागलें तरी एका किलोमीटरास सवासहा मीटर लागतात. आपल्याकडील लांब पल्ल्याच्या एका २४ डब्यांच्या गाडीचा हिशेब करून पाहूं. एल्. एच्. बी. म्हणून जे नव्या घडणीचे डबे आहेत, त्यांतील एकाची लांबी सुमारें २४ मीटर. इंजिन सुमारें वीस मीटर. एकूण ५९६ मीटर. ह्यास १६० नें भागितां सुमारें ३.७ मीटर येतात. म्हणजे नुसतें उभें राहावयासच ह्या गाडीला मध्यम खोलीची एक सबंध भिंत पाहिजे; मग तिनें धांवावयाचें कोठें? वळणाचीही तीच गोष्ट. आपल्या रुंद मार्गावरील तीव्रांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरतात. १६० च्या प्रमाणांत ती एक मीटरापेक्षां जास्त होते, आणि गाडीला नुसती पाठ फिरवावयास दोन मीटरांहून अधिक रुंद मेज लागतें. पाश्चात्त्य देशांतील छंदिष्टांनीं ह्यासाठीं घराचा माळा किंवा मोटारीची खोली खर्चीं घातली. पुण्यास कोथरुडांत १९९८ सालीं सुरू झालेलें जोशी यांचें लघु-आगगाड्यांचें संग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना एका मोठ्या स्थिर मांडणीस किती जागा लागते ह्याची कल्पना आहेच. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, जेथें अभ्यासाचें मेजच रात्रीं भिंतीला टेकवून ठेवावें लागतें, तेथें ही गोष्ट बोलावयासही नको.

ह्या अडचणींतून जो मार्ग निघाला तो असा : सबंध मांडणी कोणीही एकट्यानें करूंच नये. प्रत्येकानें तिचा एक खंड करावा. इंग्रजींत ह्यास मॉड्यूल म्हणतात. आम्ही खंड हाच शब्द वापरूं. सर्वांचे खंड वर्षांतून दोन-तीनदां एखाद्या दिवाणखान्यांत एकत्र आणावे, शेजारीं शेजारीं जोडावे, दिवसभर गाड्या चालवाव्या, आणि संध्याकाळीं ज्याचा त्यानें आपला खंड कांखोटीस मारून घरीं जावें. १९७४ च्या सुमारास अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत एन्-ट्रॅक नांवाची अशी पद्धति प्रसिद्ध झाली. तिचा सामान्य खंड दोन फूट रुंद व चार फूट लांब. रूळ जमिनीपासून चाळीस इंच उंचीवर. आणि दर्शनी बाजूस तीन मार्ग, कडेपासून ठरलेल्या अंतरांवर. जर्मनींत १९८१ सालीं फ्रेमो ही मंडळी निघाली. तिच्या एच्. ओ. प्रमाणाच्या खंडांत रूळ जमिनीपासून १.३ मीटर उंच, म्हणजे जवळजवळ प्रौढ माणसाच्या छातीशीं असतात, आणि खंडाची लांबी अथवा वळण काय असावें ह्यास बंधन जवळजवळ नाहींच. बंधन आहे तें खंडाच्या दोन टोंकांना. टोंकाच्या फळीचा आकार, तींतील भोंकांच्या जागा, रुळाची जागा, जमिनीचा चढउतार, हें सर्व ठरलेलें. दोन टोंकांच्या मध्यें तुम्ही नदी काढा, कोळशाची खाण काढा किंवा नुसतें गवताचें माळरान ठेवा; कोणी विचारणार नाहीं.

आमच्या मतें शाळकरी मुलांना ह्या दोहोंपेक्षां तिसरी पद्धति अधिक सोयीची आहे. तिचें नांव टी-ट्रॅक. ती मूळची जपानांतली. तेथें घरें लहान, त्यामुळें खंडही लहान. पाय नाहींत, साध्या मेजावर मांडावयाचा. एन् प्रमाणाच्या साध्या सरळ खंडाची पेटी ३०८ मिलीमीटर लांब असते, म्हणजे आपल्या फूटपट्टीहून जरा अधिक. तिच्यावर काटो नांवाच्या जपानी कंपनीचे तयार रूळ दोन ओळींनीं बसवितात : प्रत्येक ओळींत २४८ मिलीमीटरांचा एक तुकडा व ६२ चा एक. बेरीज ३१०.

पेटी ३०८ आणि रूळ ३१०, हें वाचून कोणास मुद्रणदोष वाटेल. परंतु हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. पेटी आणि रूळ समान लांबीचे केले, तर रंगाचा एखादा जाड थर किंवा पावसाळ्यांत फुगलेलें लाकूड एवढ्यानेंच दोन पेट्यांच्या फळ्या आधीं एकमेकींस भिडतील, आणि रुळांत फट राहील. रूळ दोन्ही टोंकांस एकेक मिलीमीटर पुढें ठेवला कीं रुळाला रूळ आधीं भिडतो, आणि फळ्यांमध्यें दोन मिलीमीटरांची चीर राहते. रुळांच्या टोंकांस ज्या चिमट्या असतात त्याच मग पेट्यांना एकत्र धरून ठेवतात. ह्याचा दुसरा लाभ मांडणी बंद करतांना कळतो. बारा पेट्या एका बाजूस व बारा समोरच्या बाजूस मांडून दोन्ही टोंकांस वळणाचे खंड लाविले, तर दोन्ही बाजू लांबीनें तंतोतंत समान पाहिजेत. प्रत्येक पेटीत अर्ध्या मिलीमीटराची जरी वाढ झाली तरी बाराव्या पेटीपाशीं सहा मिलीमीटरांचें अंतर पडतें, आणि शेवटचा सांधा कांहीं केल्या जुळत नाहीं. पाहावयास लोक जमलेले असतात, आणि अशा वेळीं दोष कोणाचा हें विचारण्यांत अर्थ नसतो. बाराही जणांचा तो असतो.

वर केलेला हिशेब येथें पुन्हां आठवावा. ३१० मिलीमीटर म्हणजे १६० च्या प्रमाणांत खऱ्या मार्गाचे सुमारें पन्नास मीटर. त्यांत दोनच डबे मावतात. २४ डब्यांची गाडी इंजिनासह उभी करावयाची तर बरोबर बारा पेट्या लागतात. एका मुलानें कितीही सुंदर पेटी केली तरी तिच्यावर सबंध गाडी कधींच दिसणार नाहीं.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पेटीसाठीं नऊ किंवा बारा मिलीमीटर जाडीचें चांगलें प्लायवुड घ्यावें. जुन्या खोक्याच्या फळ्या स्वस्त पडतात, पण त्या वाकतात. आणि वाकलेल्या फळीवर बसविलेला रूळ सरळ राहावा ही अपेक्षा व्यर्थ होय. शक्य तर सर्वांच्या बाजूच्या फळ्या एकाच सुतारानें एकाच दिवशीं, एकाच फर्म्यावरून कापाव्या. ज्यानें त्यानें आपल्या घरच्या पट्टीनें मापून कापावयाच्या म्हटल्यास जितक्या पट्ट्या तितकीं मापें होतात. पेटी जोडतांना गुण्या लावून कोन तपासावा, आणि नंतर दोन्ही कर्ण मापावे. ते समान आले तरच चौकट काटकोनी आहे असें समजावें. भूमितीच्या पुस्तकांतील हें प्रमेय पाठ करणारे विद्यार्थी पुष्कळ. त्याच्या आधारावर सरस लावणारे थोडे. पेटीच्या तळाशीं चार कोपऱ्यांत चार बोल्ट असे बसवावे कीं ते फिरविले असतां पेटी वरखालीं व्हावी. मेज कधींच सपाट नसतें, आणि दोन मेजें एका उंचीचीं तर नसतातच. रुळाची पातळी सामान्यतः मेजापासून ७० मिलीमीटर ठेवतात, व बोल्टांच्या साह्यानें ती शेजाऱ्याशीं जुळवितात. पाणसळ जवळ असावी. डोळ्यांवर विसंबूं नये.

जर्मनींतल्या किंवा अमेरिकेंतल्या पुस्तकांत एक गोष्ट आपल्या दृष्टीनें पुरेशी सांगितलेली नसते, ती म्हणजे पावसाळा. कोंकणांत किंवा मुंबईस जून ते सप्टेंबरपर्यंत हवेंतील दमटपणानें लाकूड फुगतें आणि उन्हाळ्यांत तेंच आकसतें. यास्तव पेटीला आंतून, बाहेरून आणि विशेषतः कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात द्यावे. बाहेरून सुंदर रंग दिलेली आणि आंतून कोरी असलेली पेटी एका बाजूनेंच ओल पिते, आणि म्हणूनच अधिक वाकते.

वर देखावा उठवावयाचा तो घरांतल्याच सामग्रीनें होतो. डोंगरास कागदाचा लगदा अथवा प्लास्टर. गवतास लाकडाचा भुसा हिरव्या-पिवळ्या रंगांत भिजवून वाळविलेला. खडीला बारीक चाळणीनें चाळलेली वाळू. येथें एक सूचना. चित्रांत पाहिलेलें स्वित्झर्लंड करण्यापेक्षां दारावरून रोज जाणारा रस्ता करावा. विलायती पाइन वृक्षाचा नमुना तयार मिळतो. बाभळीचा मिळत नाहीं, तो स्वतःच करावा लागतो, आणि तो करण्यासाठीं एकदां तरी बाभळीकडे नीट पाहावें लागतें.

विजेविषयीं पालकांस शंका असणें स्वाभाविक आहे. रुळांतून वाहणारा प्रवाह बारा व्होल्टांच्या आसपासचा असतो व त्यानें अंगास अपाय होत नाहीं. भिंतींतील २३० व्होल्टांचा प्रवाह उतरविणारें यंत्र मात्र तयार, झांकलेलें व चांगल्या बनावटीचेंच घ्यावें. तें घरीं बनविण्याचा मोह मुलांनीं आवरावा. एन् प्रमाणांत डावा रूळ आणि उजवा रूळ ह्या जणूं दोन तारा होत. दर्शनी मार्गाच्या पुढील रुळास निळी तार, मागील रुळास पांढरी. मागल्या मार्गाच्या पुढील रुळास पांढरी आणि अखेरच्या रुळास निळी, असा टी-ट्रॅकचा नियम आहे. निळी, पांढरी, पांढरी, निळी : हा क्रम पुढून वाचा कीं मागून वाचा, सारखाच. साध्या पद्धतींत एका मार्गावरील सर्व इंजिनें एकाच वेळीं चालतात व थांबतात. नव्या अंकीय पद्धतींत रुळांतून प्रवाहाबरोबर आज्ञाही जातात; प्रत्येक इंजिनांत एक लहानसा ग्राहक बसविलेला असतो, व तो आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी पाळतो. आरंभ करणारांस ही पद्धति आवश्यक नाहीं.

खर्च होतो तो रूळ व इंजिन ह्यांना, कारण तीं बहुधा परदेशाहून येतात. परंतु वर दिलेल्या हिशेबावरून दिसेल कीं बारा मुलांना बारा इंजिनें लागत नाहींत. दोन पुरेत, आणि तीं वर्गणींतून घेतां येतात. ज्याच्याजवळ इंजिन नाहीं पण खंड आहे, तो मंडळींत बरोबरीचाच सभासद असतो.

आपल्या देशांतील छंदिष्टांपुढें एक कोडें मात्र नेहमीं येतें. बाजारांत मिळणारे रूळ युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलीमीटरांच्या मार्गावरून घेतलेले. आपला रुंद मार्ग १६७६ मिलीमीटरांचा. ८७ नें भागतां आपल्या मार्गास १९.३ मिलीमीटर पाहिजेत, मिळतात साडेसोळा. त्यामुळें आपले डबे त्या रुळांवर ठेवले म्हणजे धिप्पाड मनुष्यानें पाय जुळवून उभें राहावें तसे दिसतात. रुळ हातानें घडविणें हा एक उपाय; तो फार कष्टाचा आहे. दुसरा उपाय आम्हांस अधिक गोड वाटतो. महाराष्ट्रांत पूर्वीं ७६२ मिलीमीटरांचे अरुंद मार्ग होते. ७६२ ला ८७ नें भागलें तर उत्तर ८.७६ येतें, आणि एन् प्रमाणाचा रूळ नऊ मिलीमीटरांचा. फरक पाव मिलीमीटर, जो डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणजे त्याच ३१० मिलीमीटरांच्या रुळावर, प्रमाण तेवढें १६० चें ८७ करून, बार्शी लाइट रेल्वे उभी करतां येते. अर्थात् मंडळींतील सर्वांनीं तें आधीं एकमतानें ठरविलें पाहिजे; नाहीं तर एकाच्या स्टेशनवरील मास्तर दुसऱ्याच्या घराहून उंच व्हावयाचा.

ह्या बार्शी मार्गाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप ह्या इंग्रज इंजिनियरानें तो बांधला, व १८९७ सालीं बार्शी रोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, तेथून बार्शीपर्यंत तो सुरू झाला. प्रत्येक आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, मात्र तो सर्व आंसांवर सारखा वाटावयाचा, हें त्याचें सूत्र होतें. त्यामुळें हलक्या रुळांवरून भारी वाघिणी नेतां आल्या. १९०६ सालीं मार्ग पंढरपुरास पोहोंचला, १९११ सालीं लातुरास व १९२७ सालीं मिरजेस. त्याच कॅल्थ्रॉपनें पुढें इंग्लंडांत लीक अँड मॅनिफोल्ड नांवाचा त्याच रुंदीचा एक लहान मार्ग केला. तो १९०४ सालीं उघडला आणि १९३४ सालीं बंदही पडला. परंतु तिकडील नमुनाकारांचा तो आजही आवडता विषय आहे, आणि स्टेशनांचे आराखडे, इंजिनांचे रंग, सर्व कांहीं टिपून ठेवलेलें सांपडतें. आपला बार्शी मार्ग आतां सर्व रुंद झाला आहे. अरुंद गाडीनें आषाढीस गेलेलीं माणसें अजून हयात आहेत. पाण्याची टांकी फलाटाच्या कोणत्या टोंकाला होती, छपराचे पत्रे कोणत्या रंगाचे होते, चहावाला कोठें उभा राहत असे, हें त्यांनाच विचारावयास पाहिजे. पंढरपूर, लातूर, मिरज ह्या बाजूंस ज्यांचें आजोळ असेल त्या विद्यार्थ्यांनीं येत्या सुट्टींत वही-पेन्सिल घेऊन आजोबांजवळ बसावें. अरुंद रुळांवरील इंजिन मात्र तयार मिळणार नाहीं. एन् प्रमाणाच्या इंजिनाचा सांगाडा घेऊन त्यावर पुठ्ठ्याचें किंवा पातळ पत्र्याचें अंग बसवावें लागेल.

खंड एकत्र आले कीं गाड्या नुसत्या फिरवीत बसूं नये, त्या चालवाव्या. फ्रेमोच्या मेळाव्यांत वेळापत्रक असतें, आणि खऱ्या घड्याळाहून कितीतरी जलद धांवणारें एक घड्याळ सर्वांस दिसेल असें लावलेलें असतें. प्रत्येक वाघिणीबरोबर एक पत्रिका जाते : माल कोणता, कोठून आला, कोठें उतरावयाचा. दोन स्टेशनांमध्यें टेलिफोन असतो, आणि पुढच्या स्टेशनानें मार्ग मोकळा असल्याचें कळविल्याखेरीज मागचें स्टेशन गाडी सोडीत नाहीं. मुलांना हें सर्व पुठ्ठ्याचे तुकडे आणि एक लाकडी गोळा एवढ्यावर साधतें. एकेरी मार्गाच्या प्रत्येक टप्प्यास एकच गोळा. तो ज्या ड्रायव्हरच्या हातीं असेल त्याचीच गाडी त्या टप्प्यांत जाईल. गोळा पलीकडच्या स्टेशनांत असला म्हणजे इकडच्या मास्तरानें थांबून राहावें, मग त्याची गाडी डाकेची का असेना. अशा वेळीं दहा वर्षांचीं मुलें परस्परांशीं ज्या गंभीरपणानें बोलतात तो पाहण्यासारखा असतो.

मेळावा संपल्यावर रूळ तलम कापडानें पुसावे. धुळीचा बारीक थर वीज अडवितो, आणि पुढल्या खेपेस इंजिन अडखळतें तें बहुधा ह्याच कारणानें. नंतर समान मापाच्या दोन पेट्या समोरासमोर धरून त्यांच्या दोन्ही टोंकांस उभ्या फळ्या लावाव्या, म्हणजे झाडें व घरें आंत सुरक्षित राहतात आणि त्यांचें एकच खोकें होतें. तें खाटेखालीं जातें. पेटीच्या तळाशीं करणाऱ्याचें नांव, वर्ष आणि निळ्या-पांढऱ्या तारांची आकृति शाईनें लिहून ठेवावी, कारण पुढें ती पेटी दुसऱ्या कोणाच्या हातीं जाण्याचा संभव असतो, आणि त्याला ती जोडावयाची असते.